गाडी घ्यायची, पण कोणत्या रस्त्यासाठी?

पौड रस्त्याच्या कडेला तासभर उभं राहिलं तर मुळशी तालुक्याचा गेल्या तीन-चार दशकांचा जमाखर्च चाकांवरून समोरून जातो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली एम-८० आता क्वचित दिसते. माणसं कोंबून भरलेली ट्रॅक्सही कमी झाली. त्यांच्या जागी पांढरी स्कॉर्पिओ आली, मग फॉर्च्युनर, मग थार. एम-८० पासून फॉर्च्युनरपर्यंतची ही मजल आंबेमोहोर पिकवून कुणी गाठली नाही. ज्या खाचरांत आंबेमोहोर व्हायचा ती खाचरं विकून ती गाठली गेली. हिंजवडीला आयटी पार्क आलं, बावधन-सूस-भूगावला इमारती उठल्या आणि तालुक्यात ‘गुंठामंत्री’ हा शब्द रुळला. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’नं २०१८ मध्ये तो सगळा काळ पडद्यावर आणला.

गुंठामंत्र्यांची चेष्टा पुण्यातल्या लोकांनी भरपूर केली. मला ती फारशी पटत नाही. हप्त्यावर ऐपतीपेक्षा दीडपट मोठी गाडी घेणारा कोथरूडचा इंजिनिअर आणि गुंठे विकून घेणारा पिरंगुटचा शेतकरी, दोघांचा घोळ एकाच जागी होतो. गाडी घरासमोर येऊन उभी राहील त्या दिवसाचा विचार दोघं करतात. पुढची आठ-दहा वर्षं ती रोज ज्या रस्त्यावरून जाणार आहे त्याचा विचार राहून जातो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार मीटर लांबीची गाडी साधारण ७५ चौरस फूट जागा व्यापते. म्हणजे एका गुंठ्यात चौदा गाड्या चिकटून उभ्या राहतील. पण बाजारात हे गणित उलटं चालतं, एका गाडीत गुंठे जातात. म्हणून तरी हिशेब नीट व्हायला हवा.

गाडीबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? प्रश्न वाईट नाही, पण खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यात येतच नाही. समजा, शोरूम किंमत १० लाख असलेली पेट्रोल गाडी घेतली. कर, विमा धरून ती रस्त्यावर यायला सुमारे १२ लाख लागले. वर्षाला १२,००० किलोमीटर धावली, पाच वर्षांनी ५ लाखांना विकली. किलोमीटर झाले ६०,०००. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर इंधनाचे झाले ४ लाख १६ हजार. सर्व्हिसिंग, टायर, पुढच्या वर्षांचे विमे मिळून २ लाख धरू. आणि किमतीतली घट? ७ लाख. एकूण १३ लाखांच्या वर, म्हणजे किलोमीटरला जवळपास २२ रुपये. त्यात पेट्रोलचे सात आणि उभ्या उभ्या झिजलेल्या किमतीचे साडेअकरा. आता हीच गाडी १५ ऐवजी १७ चं ॲव्हरेज देणारी निघाली असती तर पाच वर्षांत वाचले असते ४९ हजार, महिन्याला आठशे रुपये. त्या आठशेसाठी आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना महिनाभर विचारत फिरतो, आणि ‘टॉप मॉडेलच घ्या, दादा’ म्हटलं की दीड-दोन लाख शोरूममध्ये अर्ध्या तासात वाढवतो.

किंमत किती वेगानं पडते याचा अंदाज विम्याच्या कागदावरच छापलेला असतो. गाडीचं विमा-मूल्य, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ते ठरवताना घट धरली जाते ती अशी: पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. बाजारभाव याच्या थोडा वर-खाली असतो, मॉडेलवर अवलंबून. पण यातून एक गोष्ट कळते. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणारा माणूस प्रत्येक वेळी उतरणीचा सगळ्यात तीव्र भाग विकत घेतो. दहा वर्षं वापरणाऱ्याला तीच घट दहांत वाटली जाते.

जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा कुठून येतो हे पौड रस्त्यावरच्या माणसाला तरी ठाऊक असावं, कारण हा आकडा ज्या संस्थेच्या नावानं ओळखला जातो ती याच रस्त्याच्या वरच्या टेकडीवर आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ ची. वेताळ टेकडीच्या त्या भागाला पुणेकर एआरएआयची टेकडीच म्हणतात. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात. वरचा वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. समोर डंपर नाही, चढ नाही, भूगावचा चौक नाही. हा आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो चांगला, आपल्या खिशाचा अंदाज बांधायला निरुपयोगी. रोजच्या वापरात त्यातून चौथा हिस्सा कमी धरावा, कोंडीतल्या गाडीसाठी तिसरा.

त्यात आता ई-२० ची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं टाकीत साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी-धातूचे भाग ई-२० ला चालतील असे असतात. त्याआधीची जुनी गाडी घेणार असाल तर गाडीसोबतची पुस्तिका उघडून हे बघून घ्या.

मग कोणतं इंधन? याचं उत्तर तुम्ही मुळशीच्या कोणत्या भागात राहता यावर आहे, कारण वाहनाच्या दृष्टीनं हे तीन वेगळे तालुके आहेत. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी, सूस, बावधन. इथे अंतर कमी आणि वेळ जास्त. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटानं पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, चौक सुटला. कोंडी पुढे सरकून भूगावात जाऊन बसली. मधला पट्टा पिरंगुट, उरवडे, पौड, रिहे आणि कोळवण खोऱ्यांचा. कारखाने, शाळा, बाजार, मधूनच मोकळा रस्ता. आणि पौडच्या पुढे माले, मुळशी धरणाची कड, ताम्हिणी. तिथे जून ते सप्टेंबर वेगळंच राज्य असतं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. एवढा पाऊस महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांना वर्षभरातही मिळत नाही.

पूर्वेकडच्या माणसानं डिझेल गाडीचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. खर्चाचं गणित आधी पाहू. पेट्रोलचा किलोमीटरला खर्च सात रुपयांच्या आसपास आला. डिझेल ९१ रुपये आणि लिटरला १९ किलोमीटर धरले तर पावणेपाच रुपये. फरक सव्वादोन रुपयांहून थोडा कमी. पण डिझेल गाडी रस्त्यावर आणताना दीड लाख जास्त मोजले असतील, तर ते फिटायला ७०,००० किलोमीटर लागतात. वर्षाला १२,००० चालवणाऱ्याला जवळपास सहा वर्षं. मालाच्या किंवा धंद्याच्या कामासाठी वर्षाला ३०,००० चालवणाऱ्याला अडीच वर्षांच्या आत.

दुसरं कारण सायलेन्सरच्या नळीत आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ नावाची गाळणी बसली. काजळी तिच्यात अडकते. ती साचली की गाडी स्वतःच जास्त तापमानावर ती जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं धावावी लागते. रोज सकाळी पाच किलोमीटरला पाऊण तास लागणाऱ्या गाडीला ही संधीच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी सर्व्हिस सेंटरची वारी घडते. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा तरी द्रुतगती मार्गावर किंवा माणगावपर्यंत धावते त्याला हा त्रास बहुधा होत नाही. डिझेल वाईट नाही, ती लांब पल्ल्याची गाडी आहे.

सीएनजी कोंडीतल्या माणसाला स्वस्त पडते यात वाद नाही. डिकी मात्र टाकीनं अडते. छोट्या दोन टाक्या खाली बसवून काही कंपन्यांनी त्यावर उपाय काढलाय. भरल्या गाडीनं ताम्हिणी चढताना सीएनजीची ताकद कमी पडते. तिथे बटण दाबून पेट्रोलवर यावं. टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. आणि घराजवळचा पंप कुठे आहे, तिथे रांग किती असते, हे गाडी बुक करण्याआधी स्वतः दोनदा जाऊन पाहावं. पौडच्या पश्चिमेला राहणाऱ्यानं तर नक्कीच.

विजेच्या गाडीच्या बाबतीत मात्र मुळशीचा गावकरी पुण्यातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा पुढे आहे, आणि हे फार कुणी त्याला सांगत नाही. शहरात सोसायटीच्या सभेत पार्किंगला चार्जर बसवायची परवानगी मिळवता मिळवता वर्ष जातं. गावातल्या घराला स्वतःचं अंगण, स्वतःचा मीटर असतो. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात रोजच्या कामापुरती गाडी भरते. फक्त अर्थिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घ्यावं. जुन्या घरांतलं अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतंच असतं. युनिटला सात किलोमीटर धरले तर महिन्याच्या हजार किलोमीटरना १४० च्या वर युनिट लागतात. घरगुती वीजदर १०० युनिटांच्या पुढे चांगलाच चढतो, त्यामुळे हिशेब करताना बिलातला खालचा नव्हे, वरचा टप्पा धरा. तरीही किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात बसतो. घाट उतरताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते, हा वरचा फायदा. अडचण पावसाळ्याची. पश्चिमेकडे झाड पडून वीज दोन-दोन दिवस जाते तिथे घरातली एकुलती एक गाडी विजेची असू नये. घरात दुसरी गाडी असेल तर खुशाल घ्यावी.

आता शोरूममध्ये जाऊ. तिथे मिळणाऱ्या कोटेशनवर पहिली ओळ असते एक्स-शोरूम किमतीची, शेवटची ऑन-रोड किमतीची. मधल्या ओळी वाचायच्या असतात. जीएसटी पहिल्या ओळीतच धरलेला असतो, आणि त्यामागे एक मजेशीर मोजपट्टी आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि छोटं इंजिन असलेल्या गाडीला कमी कर, ही सवलत २००६ च्या अर्थसंकल्पापासूनची. बाजारात इतक्या गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्याच का, याचं उत्तर त्यात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो: पेट्रोल असेल तर इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० पर्यंत. त्यापलीकडच्यांना ४० टक्के, विजेच्या गाड्यांना ५. तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटरची. तीच दीड लिटरच्या डिझेल इंजिनात घेतली तर १८ टक्क्यांत, दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनात घेतली तर ४० मध्ये. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, कोटेशन बघणाऱ्याला कळतो.

पुढची ओळ राज्याच्या वाहनकराची. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, एकरकमी. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, त्यामुळे ‘फर्मच्या नावावर घेऊ, कर वाचेल’ असं म्हणणाऱ्या भाच्याला हे आधी सांगा आणि मग सीएला विचारा. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर डीलर १ टक्का टीसीएस कापतो. ही रक्कम कर म्हणून गेलेली नसते. आयकराचं विवरणपत्र भरलं की ती वळती होते किंवा परत मिळते. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र न भरणारे कितीतरी जण १५-२० हजार रुपये असेच सोडून देतात. जमिनीचे पैसे आलेत म्हणून पिशवीतून रोख द्यायचा विचारही सोडा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तेव्हा शहाणा डीलर ती घेणारच नाही.

‘हँडलिंग चार्जेस’, ‘लॉजिस्टिक’ अशा नावांच्या ओळी दिसल्या तर त्या कशाच्या आहेत हे लेखी विचारावं. आरटीओच्या शुल्कांत असं काही नसतं, आणि विचारणाऱ्याच्या कोटेशनमधून त्या बऱ्याचदा निघून जातात.

विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. ग्राहकाला ‘सिस्टीममध्ये तसंच आहे’ म्हणून सांगितलं जातं, त्याला दाद देऊ नये. बाहेरून दोन कोटेशन आणून समोर ठेवली की तीच सिस्टीम वाकते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचा घेता येतो, आणि पहिल्या वर्षानंतर कंपनी बदलता येते. जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस साठला असेल तर तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंतची ही सवलत नव्या गाडीला लावून मिळते; जुनी गाडी विकताना त्याचं पत्र तेवढं मागून घ्यावं.

मुळशीसाठी जोडविम्यांतला एकच मी आग्रहानं सांगेन, तो इंजिनचा. ओढ्यावरच्या पुलावरून गाडी घातली, हवा ओढायच्या नळीतून पाणी आत गेलं आणि इंजिन बंद पडलं. पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी पुन्हा चावी फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, कारण ते पुरानं नव्हे, चावी फिरवल्यानं झालेलं धरलं जातं. गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात न लावता ती ढकलून बाहेर काढायची आणि टो करायची, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत पाहिजे.

कर्जाचं थोडक्यात. आठ लाख, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता १६,६०० च्या आसपास, व्याज १ लाख ९६ हजार. तेच सात वर्षांचं केलं तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, बरं वाटतं, आणि व्याज २ लाख ८१ हजार होतं. आणखी एक सापळा ‘फ्लॅट’ दराचा. ‘फ्लॅट ९ टक्के’ म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर जवळपास पावणेसोळा टक्के भरतो. पतसंस्थेत असो की फायनान्स कंपनीत, ‘रेट किती’ विचारण्याआधी ‘रिड्यूसिंग की फ्लॅट’ विचारा.

मुहूर्त. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी गाडी घरी यावी असं वाटण्यात काही गैर नाही. पण त्या दिवशी शोरूममध्ये हार-पेढे-नारळांच्या गर्दीत पन्नास गाड्या बाहेर पडत असतात आणि तुमची गाडी कुणी नीट तपासलेली नसते. सौदा पितृपक्षात करावा, तेव्हा शोरूममधले विक्रेते माश्या मारत बसलेले असतात आणि सवलतीही सुटतात. पूजा दसऱ्याला करावी. या दोन्हींच्या मध्ये, नोंदणी होण्याआधी, गोदामात जाऊन गाडी दिवसाउजेडी पाहून घ्यावी. पीडीआय म्हणतात ते हेच. एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की ‘रंग मारलेला दिसतोय’ म्हणून गाडी बदलून मिळत नाही. चॅसी नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत सवलतीत मिळते, कारण पुढे विकताना ती वर्षानं म्हातारी मोजली जाते. चार वर्षांत विकणाऱ्यानं त्या सवलतीला भुलू नये, दहा वर्षं ठेवणाऱ्यानं ती सोडू नये.

सुरक्षेबाबत २०१४ मध्ये धक्का बसला होता. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या अडथळ्यावर आदळवून पाहिल्या, मोठ्यांच्या सुरक्षेत पाचांनाही शून्य तारे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. ताशी ६४ किलोमीटरनं समोरून धडक, बाजूनं धडक, मोठ्यांसाठी ३२ आणि मुलांसाठी ४९ गुण. चाचणी ऐच्छिक आहे, तेव्हा एखाद्या गाडीला तारेच नसतील तर कंपनीनं ती का पाठवली नाही हा प्रश्न विचारता येतो. आणि तारे पट्टा बांधलेल्या माणसाला मिळतात. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा सप्टेंबर २०२२ मध्ये अपघातात पालघरजवळ मृत्यू झाला ती गाडी महागडी होती. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी पट्टा बांधला नव्हता.

तारे बघून घेतलेल्या गाडीला लोक दुसऱ्याच दिवशी पुढून लोखंडी गार्ड बसवतात. गाडीचा पुढचा भाग चेपला जावा, धक्का त्यानं खावा, अशीच त्याची रचना असते. गार्डमुळे तो धक्का सरळ चॅसीला जातो आणि एअरबॅग उघडायचा हिशेबही चुकतो. असे गार्ड केंद्र सरकारनं २०१७ मध्येच बेकायदा ठरवले आहेत. काळ्या काचांच्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०१२ ची. कायदेशीर हौस हवी असेल तर नंबर आहे. चारचाकीच्या ‘०००१’ साठी पुण्यासारख्या मागणीच्या शहरात राज्य सरकारनं २०२४ मध्ये शुल्क सहा लाखांवर नेलं. तेवढ्यात एक बरी छोटी गाडी येते, एवढंच सांगून पुढे जातो.

आणि खरं तर बऱ्याच घरांना नवी गाडी लागतच नाही. तीन-चार वर्षांची, एका हातची गाडी घेतली की घटीचा मोठा भाग आधीच्या मालकानं भरलेला असतो. पण या भागात जुन्या गाडीच्या बाजारात दोन गोष्टी खास जपायच्या. पहिली, हिंजवडीच्या कंपन्यांसाठी धावलेल्या कॅब. पिवळ्या पाटीची गाडी पुढे खासगीत वळवून पांढरी पाटी लावता येते, ते कायदेशीरही आहे. मीटरवर ४५,००० दिसत असले आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, स्टिअरिंग चकाकत असेल, तर मीटर खोटं बोलतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं किलोमीटरचं रीडिंग मागावं. नोंदणीत वाहनाचा वर्ग बदलला होता का, तेही पाहावं.

दुसरी, पुरातली गाडी. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्यानं तेच केलं होतं, आणि त्याच वर्षी सांगली-कोल्हापूरला महापूर आला. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून कुठेतरी विकल्या जातातच. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा हातभर भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या टोकावर गढूळ रेघ राहते. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, ते हात घालून बघा. एसी न लावता काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास परफ्यूमला दाद देत नाही.

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली चलनं पाहावीत. बोजा असेल तर बँकेचं फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विकणाऱ्याचं काम तर त्याहून नाजूक. आपल्याकडे ‘टीटी फॉर्मवर सह्या केल्या, गाडी दिली, विषय संपला’ अशी रीत आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटाकडे पडून राहतात, गाडी तीन हात फिरते आणि आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच असता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते, गाडी प्रत्यक्षात कुणाच्याही ताब्यात असो. म्हणून खरेदीदार चुलतमेहुणा असला तरी त्याच्या आधारची प्रत, तारीख-वेळ घातलेली ताबापावती आणि सही घ्यावी, हस्तांतराचा अर्ज त्याच आठवड्यात आपल्या समोर ऑनलाइन भरून घ्यावा, नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम अनामत म्हणून घ्यायची नसेल तर निदान दुसरी चावी तरी राखून ठेवावी, आणि महिन्याभरानं पोर्टलवर आपला जुना नंबर टाकून मालकाच्या जागी कुणाचं नाव येतंय ते पाहावं.